प्रतीक्षा व प्रवाद

हातीं घेतलेलें कार्य अर्ध्यावर सोडून कोणी निघून गेला, म्हणजे त्याच्या जाण्याचीं कारणें समजण्यापूर्वींच लोकांचा निकाल तयार असतो. शाळेंत, मंडळींत, गांवांत व मोठमोठ्या संस्थांत हा अनुभव सारखाच येतो. अशा निकालांत न्याय किती व उतावीळपणा किती, याचा विचार करण्यास सोयीचें असें एक अलीकडचें उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. उदाहरण चित्रपटाचें आहे. शाळेच्या वार्षिकांत चित्रपटाची चर्चा कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल. परंतु ज्या पुस्तकावरून हा चित्रपट झाला तें मुलांसाठींच लिहिलेलें आहे. आणि त्या प्रसंगीं जें बोललें गेलें, तसेंच आपण सर्वजण आपापल्या लहानशा जगांत नित्य बोलत असतों. एवढ्यासाठीं या विषयास येथें स्थान देणें आम्हांस योग्य वाटतें.

'द हॉबिट' हें तें पुस्तक. त्याचे कर्ते जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठांत प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते, व श्रद्धाळू कॅथॉलिक ख्रिस्ती होते. स्वतःच्या मुलांस सांगितलेली ही गोष्ट २१ सप्टेंबर १९३७ रोजीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. ती छापण्यापूर्वीं प्रकाशकांनीं आपल्या १० वर्षांच्या मुलास हस्तलिखित वाचावयास देऊन त्याचा अभिप्राय घेतला, व त्या कामाबद्दल त्यास एक शिलिंग दिला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. बिल्बो बॅगिन्स नांवाचा एक ठेंगणा, घरकोंबडा व सुखवस्तु गृहस्थ १३ बुटक्यांच्या टोळीबरोबर दूरच्या डोंगराकडे निघतो. तेथें त्या बुटक्यांच्या पूर्वजांचें धन एका ड्रॅगननें बळकावलेलें असतें. अशी ती अद्भुतकथा आहे. तिच्या पुढची मोठी कथा, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', १९५४ व १९५५ या सालीं तीन खंडांत बाहेर आली. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनीं त्या मोठ्या कथेवर काढलेले तीन चित्रपट २००१, २००२ व २००३ या सालीं लोकांपुढें आले, आणि तिसऱ्यास ११ ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. तेव्हां 'हॉबिट' पडद्यावर केव्हां येणार, असें जगभरचे चाहते विचारूं लागले, यांत नवल नव्हतें.

परंतु मार्ग सरळ नव्हता. पहिल्या चित्रपटाच्या हिशेबावरून जॅक्सन यांनीं २००५ सालीं 'न्यू लाईन' या चित्रसंस्थेवर दावा लावला होता. तो डिसेंबर २००७ मध्यें मिटला. पुढें एप्रिल २००८ मध्यें मेक्सिको देशाचे दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांची नेमणूक जाहीर झाली, व जॅक्सन यांनीं निर्मात्याची बाजू आपणांकडे ठेविली. देल तोरो हे कांहीं नवखे नव्हते. त्यांच्या २००६ सालच्या 'पॅन्स लॅबिरिंथ' या स्पॅनिश चित्रपटास तीन ऑस्कर पारितोषिकें मिळालेलीं होतीं. ते न्यूझीलंडमध्यें जाऊन राहिले. 'हॉबिट'चे दोन चित्रपट करावयाचे, व ते २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरांत दाखवावयाचे, असा बेत होता. पटकथा आकार घेऊं लागली. प्राण्यांचीं, शस्त्रांचीं व घरांचीं चित्रें तयार होऊं लागलीं.

चित्रीकरणाची तारीख मात्र ठरेना. या कार्यांत 'मेट्रो-गोल्डविन-मेयर' या जुन्या कंपनीचा मोठा वांटा होता, आणि ती कंपनी सुमारें ४ अब्ज डॉलरांच्या कर्जाखालीं दबलेली होती. पैसा कोण देणार व केव्हां देणार, हें निश्चित झाल्याखेरीज काम पुढें सरकणें शक्य नव्हतें. अखेर ३० मे २०१० रोजीं देल तोरो यांनीं आपण दिग्दर्शन सोडीत असल्याचें जाहीर केलें. जवळजवळ दोन वर्षें त्यांनीं या कामांत घालविलीं होतीं. मूळचा करार तीन वर्षें न्यूझीलंडमध्यें राहण्याचा होता. काम लांबत गेल्यामुळें त्या तीन वर्षांचीं सहा होऊं पाहत होतीं, आणि तेवढें देणें त्यांस शक्य वाटेना, असा खुलासा जॅक्सन यांनीं केला.

ही वार्ता पसरतांच चाहत्यांत जी खळबळ उडाली, तिचे स्थूलमानानें चार प्रकार दिसून आले. पुष्कळांस मनापासून दुःख झालें. एक मोठा कल्पक कलावंत या कथेचें काय करील, हें पाहण्याची त्यांची आशा संपली. कित्येकांनीं अपराधी कोण याचा शोध आरंभिला. कोणी कर्जबाजारी कंपनीस, कोणी निर्मात्यांस, तर कोणी खुद्द देल तोरो यांस बोल लाविला. तिसऱ्या वर्गास उलट हर्षच झाला. या दिग्दर्शकास विचित्र व भयानक प्राण्यांची फार हौस, टॉल्किनच्या सौम्य कथेस तो साजणारा नव्हता, तेव्हां गेला तें बरेंच झालें, असें त्यांचें म्हणणें. आणि चौथ्या वर्गानें, आतां जॅक्सन यांनींच हें काम अंगावर घ्यावें, असा घोष चालविला.

यांतील पहिल्या वर्गाविषयीं आमची कांहीं तक्रार नाहीं. लहानपणीं ज्यानें एखादी गोष्ट आपलीशी केली, तो तिच्या नव्या रूपाकडे आशेनें पाहणारच, व आशा भंगली म्हणजे खिन्न होणारच. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. खेद हा प्रेमाचाच एक भाग आहे. परंतु खेद एका क्षणांत आरोपाचें रूप घेतो, आणि तेथें मात्र आम्हांस थांबून विचार करावासा वाटतो.

देल तोरो यांनीं शब्द मोडला काय? नांगरास हात घातलेल्यानें मागें पाहूं नये, ही शुभवर्तमानांतील शिकवण आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे; तिच्या आधारें कोणी त्यांस दोष देईल. परंतु ज्या नांगऱ्यास शेत मोकळें करून दिलें जात नाहीं, बियाण्याची सोय कोणी करीत नाहीं, व पेरणीचा दिवसहि कोणी सांगत नाहीं, त्यानें किती पावसाळे बांधावर उभें राहावें? वचन हें दोन्ही बाजूंनीं असतें. एका बाजूनें काळाची मर्यादा दुप्पट केली, तर दुसऱ्या बाजूनें पुन्हां विचार करणें हा वचनभंग नव्हे. शिवाय कलावंताचीं वर्षेंहि मोजकींच असतात. त्यास घर असतें, मुलेंबाळें असतात, आणि मनांत राहून गेलेलीं दुसरीं कामें असतात.

मनुष्य काम सोडून गेला एवढ्यावरून त्याची परीक्षा होत नाहीं. तो कसा गेला यावरून ती होते. आमच्या मतें येथें तीन गोष्टी पाहाव्या. तो उघडपणें सांगून जातो कीं निमित्तें काढून निसटतो? मागें राहिलेल्यांवर चिखल उडवितो कीं त्यांचें भलें चिंतितो? आणि केलेलें काम पुढच्याच्या हातीं देतो कीं तें मोडून जातो? देल तोरो या तिन्ही कसोट्यांस उतरतात. त्यांनीं स्वतः निवेदन काढलें, सोबत्यांचे आभार मानले, कार्यास यश चिंतिलें, व पटकथेच्या कामीं आपलें साहाय्य राहील असें सांगितलें. पुढें जे चित्रपट निघाले त्या सर्वांच्या पटकथाकारांत त्यांचें नांव आहे. इतकें असतां ज्यांनीं त्यांस पळपुटा ठरविलें, त्यांनीं शेजाऱ्याविषयीं खोटी साक्ष न देण्याची आज्ञा क्षणभर आठवावयास हवी होती. ही आज्ञा न्यायालयाच्या पिंजऱ्यापुरतीच आहे, अशी समजूत पुष्कळांची असते. वास्तविक ती ओटीवरील गप्पांसहि लागू आहे.

आतां चौथ्या वर्गाकडे वळूं. जॅक्सन यांच्या नांवाचा घोष करणाऱ्यांचा हेतु चांगला होता, यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्यावर प्रेम करावयाचें त्याची शक्ति किती उरली आहे, हें न विचारतां त्याच्या खांद्यावर ओझें ठेवणें, हेंहि एक प्रकारचें निर्दय प्रेमच होय. त्या वेळीं जॅक्सन यांच्या हातीं दुसरीं कामें होतीं. ऑक्टोबर २०१० मध्यें अखेर त्यांनींच दिग्दर्शनाचा भार उचलला. त्याच सुमारास नटांच्या संघांचा व निर्मात्यांचा वाद पेटला. चित्रपट दुसऱ्या देशांत जाईल या भीतीनें न्यूझीलंडमध्यें लोकांनीं मोर्चे काढले, आणि तेथील सरकारनें चित्रपटांतील कामकऱ्यांविषयींचा कायदाहि बदलला. नोव्हेंबरांत कर्जबाजारी कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २०११ मध्यें जॅक्सन यांच्यावर पोटाच्या व्रणासाठीं तांतडीची शस्त्रक्रिया झाली, व २१ मार्च २०११ रोजीं चित्रीकरणास एकदांचा आरंभ झाला. दूर बसून दिग्दर्शकांचीं नांवें सुचविणाऱ्यांस हा एक खेळ होता. पण सुतार, शिंपी, लोहार व रंगारी अशा शेंकडों कारागिरांच्या पोटाचा प्रश्न त्यांत गुंतलेला होता.

यावर कोणी म्हणेल कीं, चित्रपट हा शेवटीं व्यापार आहे. प्रेक्षक पैसे देतो, तेव्हां त्यास बोलण्याचा हक्क आहे. हा आक्षेप पोकळ नाहीं, म्हणून त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. तयार झालेली कृति चांगली कीं वाईट, हें बोलण्याचा प्रेक्षकास पूर्ण हक्क आहे. परंतु तिकिटाच्या पैशानें एक आसन व कांहीं तास विकत मिळतात. दुसऱ्याच्या आयुष्याचीं वर्षें विकत मिळत नाहींत. कृतीचा न्याय करणें वेगळें व कर्त्याचें अंतःकरण उघडून पाहिल्याचा आव आणणें वेगळें.

त्याबरोबर हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे कीं, या घडामोडीनें चित्रपटाचें नुकसान होईल अशी जी भीति चाहत्यांस वाटली, ती अगदीं निराधार नव्हती. जॅक्सन यांस तयारीस थोडाच अवधि मिळाला. देल तोरो यांच्या दृष्टीनें काढलेलीं चित्रें व योजना बाजूस ठेवून पुष्कळ गोष्टी नव्यानें आंखाव्या लागल्या. आपण अपुऱ्या तयारीनिशीं काम करीत होतों, पुढें काय टिपावयाचें हें पुष्कळदां ऐनवेळीं ठरवावें लागे, व शेवटच्या मोठ्या लढाईचें चित्रीकरण त्यासाठींच पुढें ढकलावें लागलें, हें जॅक्सन यांनीं मागाहून मोकळ्या मनानें सांगितलें; तें २०१५ सालीं सर्वांस पाहावयास मिळालें. एका लहानशा पुस्तकाचे दोनांऐवजीं तीन चित्रपट झाले, व ते २०१२, २०१३ आणि २०१४ च्या डिसेंबरांत दाखविले गेले. पहिल्यानें १ अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविलें. तथापि पूर्वींच्या तीन चित्रपटांस मिळालेला मान यांस मिळाला नाहीं.

यावरून काय दिसतें? चाहत्यांच्या घाईमुळें हें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पैशाच्या व करारांच्या अडचणी त्यांच्या हातांतल्या नव्हत्या. पण मनुष्य गेला म्हणून जे आक्रोश करीत होते, त्यांच्या लक्षांत ही गोष्ट आली नाहीं कीं, खरी हानि तयारीच्या काळाची झाली होती. जें काम पडद्यावर दिसत नाहीं त्यावरच दिसणारें काम उभें असतें. आमच्या स्नेहसंमेलनांतील नाटकासहि हाच नियम लागू आहे. पडदा उघडण्याची तारीख सर्वांस पाठ असते. तालमीच्या दिवसांचा हिशेब फार थोडे ठेवितात.

आणि टॉल्किन यांच्याच वाचकांनीं प्रतीक्षेस इतकें कंटाळावें, हें विशेष नवल होय. 'हॉबिट' निघाल्यावर प्रकाशकांनीं लगेच पुढील भाग मागितला. तो भाग म्हणजेच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'; त्याचा पहिला खंड १९५४ सालीं, म्हणजे १७ वर्षांनीं वाचकांच्या हातीं पडला. १९३७ सालीं १० वर्षांचा असलेला बालवाचक तोंवर २७ वर्षांचा झाला होता. महायुद्ध आलें व गेलें, अध्यापनाचा भार होताच, तरी प्राध्यापकांनीं एकेक प्रकरण पुन्हां पुन्हां लिहून सिद्ध केलें. त्या १७ वर्षांची घाई झाली असती, तर ज्या ग्रंथासाठीं आज लोक भांडतात तो तसा झालाच नसता.

एकानें आरंभावें व दुसऱ्यानें पुरें करावें, यांत कमीपणा मानण्याचेंहि कारण नाहीं. टॉल्किन १९७३ सालीं निवर्तले तेव्हां 'द सिल्मरिलियन' हा त्यांचा आवडता ग्रंथ अपुराच होता. पुत्र क्रिस्तोफर यांनीं हस्तलिखितें जुळवून तो १९७७ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीस तर दूर जावयास नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' १९१९ सालीं त्यांच्या निधनामुळें अपुरें राहिलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तें पुढें चालवून त्यांतील बहुतेक अध्याय स्वतः रचिले. दाविदानें मंदिरासाठीं साहित्य जमविलें, पण तें उभें राहिलें शलमोनाच्या हातून. म्हणून दाविदाचें साहित्य व्यर्थ गेलें असें कोणी म्हणत नाहीं. देल तोरो यांचींहि तीं दोन वर्षें त्यांस कांहीं शिकवून गेलींच असतील. त्यांनीं आपली लेखणी व कॅमेरा खालीं ठेविला नाहीं. २०१७ सालीं निघालेल्या 'द शेप ऑफ वॉटर' या चित्रपटास मार्च २०१८ मध्यें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें व त्यांस सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

विद्यार्थ्यांनो, हा प्रसंग परदेशांतला असला तरी तो तुमच्या ओळखीचा आहे. वर्षाच्या मध्यें एखादे शिक्षक शाळा सोडून जातात. सामन्यांच्या ऐन दिवसांत संघाचा नायक नांव काढून घेतो. नाटकांतील मुख्य पात्र करणारा मुलगा गैरहजर राहूं लागतो. त्या दिवशीं तुमच्या तोंडून पहिलें वाक्य कोणतें निघतें? 'त्यास पगार जास्त मिळाला असेल', 'तो भ्याला', 'त्याला गर्व झाला', अशीं वाक्यें फार सहज निघतात. पालकहो, हीं वाक्यें मुलें बहुधा घरांतच ऐकतात, हेंहि विसरतां येत नाहीं. त्या शिक्षकांच्या घरीं कोणी आजारी असेल. त्या मुलाच्या बापाची नोकरी गेली असेल. नायकाच्या गुडघ्यास दुखापत असून ती त्यानें लपविली असेल. कारण कळेपर्यंत जीभ आंवरणें हें दुबळेपण नव्हे, तें न्यायाचें पहिलें अंग आहे. आणि कारण कधींच कळलें नाहीं, तरी आपलें कांहीं अडत नाहीं.

ज्या पुस्तकावरून एवढा गलबला झाला, त्यांतच याचें उत्तर आहे. १९५१ सालीं टॉल्किन यांनीं त्या कथेंतील एक प्रकरण सुधारून लिहिलें, आणि आज सर्वत्र तेंच वाचलें जातें. डोंगराच्या पोटांतील अंधारांत बिल्बो वाट चुकलेला असतो. बाहेर पडण्याच्या मार्गांत गॉलम नांवाचा एक कपटी व घातकी प्राणी बसलेला असतो. बिल्बो अदृश्य असतो, त्याच्या हातीं तलवार असते, भीतीनें व रागानें मन पेटलेलें असतें. एका घावांत वाट मोकळी झाली असती. त्या क्षणीं त्या दीन प्राण्याचें अंधारांतलें, एकाकी, आशाहीन आयुष्य त्याच्या मनःचक्षूंपुढें उभें राहतें, आणि त्याचा हात थांबतो. तो घाव न घालतां त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. पुढील मोठ्या ग्रंथांत साऱ्या जगाचें तारण या एका दयेवर अवलंबून असल्याचें वाचकांस कळतें.

देल तोरो हे कोणी गॉलम नव्हते. ते प्रामाणिक कारागीर होते. शत्रूविषयीं जी कल्पनाशक्ति बिल्बोनें त्या अंधारांत दाखविली, तिचा अल्प अंश तरी या पुस्तकाच्या चाहत्यांनीं एका मित्राविषयीं दाखवावयास हवा होता. पुस्तकावर प्रेम आहे असें म्हणणें सोपें आहे. तें पुस्तक आपल्या अंगीं कितपत उतरलें, हें मात्र निराशेच्या दिवशीं आपण दुसऱ्याविषयीं काय बोललों यावरून कळतें. आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींस पुस्तकें पुष्कळ आवडावीं, चित्रपटहि आवडावे, आणि आवडत्या वस्तूची वाट पाहतांना कोणा मनुष्यावर अन्याय न करण्याइतका धीर त्यांच्या ठायीं असावा, एवढीच आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.